प्रायव्हेट मेथड मॉक करू नका

मानवत, पाथरी, सेलूकडची कितीतरी मुलंमुली आज पुण्यात, हैदराबादेत कोड लिहितात. काही इथेच राहून दुकानांना, जिनिंगवाल्यांना हिशोबाचे प्रोग्रॅम करून देतात. या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे. युनिट टेस्ट लिहिताना ज्या क्लासची टेस्ट चालू आहे, त्याचीच प्रायव्हेट मेथड मॉक करायच्या भानगडीत पडू नका.

उदाहरण आपल्या बाजारातलंच घेऊ. मानवतची पेठ कापसाची. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला की पूर्ण भाव. त्यापुढे दर टक्क्याला भावातून एक टक्का कपात. 12 टक्क्यांच्या वरचा माल घेतच नाहीत. म्हणजे 9 टक्क्यांना 8028.90 आणि 12 टक्क्यांना 7785.60. आता समजा, याची पट्टी काढणारा क्लास तुम्ही लिहिला. बाहेरून दिसणारी पब्लिक मेथड एकच: वजन आणि ओलावा द्या, रक्कम घ्या. ओलाव्याची कपात आतली एक प्रायव्हेट मेथड काढते.

टेस्ट लिहिणाऱ्याला वाटतं, कपातीचं नंतर बघू, आधी गुणाकार तपासू. म्हणून तो कपातीची मेथड मॉक करतो आणि तिला सांगून ठेवतो, कुणी काहीही विचारलं तरी 81.10 म्हण. वीस क्विंटलचे 1,60,578 रुपये येतात, टेस्ट हिरवी होते, सगळे खूश. पुढे कुणीतरी खऱ्या मेथडमध्ये 8 च्या जागी चुकून 9 लिहितो. आता 9 टक्के ओलाव्याच्या त्याच वीस क्विंटलवर 1622 रुपये जास्त जातात. टेस्ट मात्र हिरवीच, कारण तिने खऱ्या मेथडचं तोंडही पाहिलेलं नाही. उलटही होतं. हिशोब अगदी बरोबर ठेवून तुम्ही फक्त त्या मेथडचं नाव बदललं, तर टेस्ट लाल होते. जावातल्या पॉवरमॉकसारख्या साधनात प्रायव्हेट मेथडचं नाव अवतरणचिन्हांत द्यावं लागतं, त्यामुळे कंपायलरही आधी सावध करत नाही. खरी चूक झाली तेव्हा गप्प आणि काही बिघडलं नाही तेव्हा आरडाओरडा, अशी टेस्ट ठेवून उपयोग काय?

काटा तपासायला येणारा वजनमापे निरीक्षक प्रमाणित वजनं ठेवतो आणि आकडा बघतो. आतला एखादा भाग काढून तिथे खोटा बसवून तो काटा तपासत नाही. तुम्हीही तेच करा: 8, 9, 12 आणि 12.1 हे ओलावे पब्लिक मेथडला द्या आणि येणारी रक्कम कागदावरच्या हिशोबाशी ताडून पाहा; 12.1 ला मात्र नकारच यायला हवा. प्रायव्हेट मेथड आपोआप तपासली जाईल.

तरीही मॉक करावंसं वाटतं, त्याला कारण असतं. बहुतेक वेळा ती प्रायव्हेट मेथड बाहेर कुठेतरी हात घालत असते. ओलावा मोजणाऱ्या यंत्राचं रीडिंग घेते, सर्व्हरवरून आजचा भाव आणते, शेतकऱ्याला एसएमएस पाठवते. असं काम आत दडवू नका. ‘भाव देणारा’ असा एक इंटरफेस करा आणि तो कन्स्ट्रक्टरमधून आत द्या. टेस्टमध्ये त्याच्या जागी खोटा भाव देणारा खुशाल बसवा. मॉकची खरी जागा तीच, दोन वस्तूंच्या मधल्या शिवेवर.

दुसरं कारण म्हणजे प्रायव्हेट मेथडच इतकी फुगलेली असते की पब्लिक मेथडमधून तिच्या सगळ्या वाटा तपासताना जीव मेटाकुटीला येतो. मायकेल फेदर्स यांनी 2004 सालीच जुन्या कोडवरच्या आपल्या पुस्तकात यावर सरळ उपाय सांगितला आहे: अशी मेथड उचलून स्वतंत्र क्लासमध्ये न्या, तिथे ती पब्लिक होईल. आपल्या उदाहरणात ‘ओलावा कपात’ हा वेगळा क्लास झाला की त्याच्या चार ओळींच्या टेस्ट दहा मिनिटांत होतात, आणि उद्या मध्यम धाग्याचा 7710 चा भाव आला तरी त्याला हात लावावा लागत नाही.

जावाचीच मॉकिटो लायब्ररी करणाऱ्यांनी प्रायव्हेट मेथड मॉक करायची सोय मुद्दामच दिलेली नाही. पॉवरमॉक ती देतं, पण त्यासाठी बायटकोडच बदलतं. त्याची 2.0.9 ही आवृत्ती 2020 ची. जावाच्या नव्या आवृत्त्या आणि जेयुनिट 5 यांच्याशी त्याचं जुळवताना पुढे कुणाच्या तरी रात्री जातात, आणि तो कुणीतरी बहुधा नवीन आलेला फ्रेशरच असतो. पायथनमध्ये तर काहीच अडवत नाही, अंडरस्कोरवाली मेथडही सहज पॅच होते. म्हणून तिथे जास्तच जपा.

दहा वर्षांचा जुना कोड गळ्यात पडला, ज्याला एकही टेस्ट नाही, तर गोष्ट वेगळी. तिथे मोडतोड करण्याआधी काहीतरी पकड हवी. ती प्रायव्हेट मेथड प्रोटेक्टेड करा, टेस्टमध्ये उपक्लास करून तेवढी बदला, मग धीराने क्लास फोडा. हे तात्पुरतं आहे अशी टीप लिहा आणि काम झालं की ती टेस्ट काढून टाका. मॅनेजरला कव्हरेजचा टक्का हवा, म्हणून हा आडमार्ग कायमचा करू नका.

इंटरव्ह्यूमध्ये ‘प्रायव्हेट मेथड कशी मॉक कराल?’ असं विचारलं तर साधनाचं नाव घेण्याआधी ‘ती मेथड काय करते?’ असं विचारा. चांगला इंटरव्ह्यू घेणारा पुढचं बोलणं तिथूनच सुरू करतो.

आणि टेस्ट लिहिताना साडेआठ टक्के ओलाव्यापाशी अडलात, कपात अर्धा टक्का धरायची की शून्य हे कळेना, तर स्वतःच्या मनाने ठरवू नका. ज्याच्यासाठी प्रोग्रॅम करताय त्याला फोन करा, आणि त्याने दिलेलं उत्तर टेस्टच्या नावातच लिहून ठेवा.