आठी कुणाची, सुई कुणाची?

गेल्या महिन्यात माझी भाची दोन कागद घेऊन घरी आली. लग्न दोन महिन्यांवर आलेलं. होणाऱ्या सासूबाईंच्या ओळखीनं ती पुण्यातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये जाऊन आली होती. एक कागद दरपत्रकाचा, दुसरा सही करायचा. दोन्ही इंग्रजीत. "मावशी, तू आरोग्य गटात काम करतेस ना, मला एवढंच सांग, हे नक्की काय टोचणार आहेत?"

भाची बँकेत आहे. कर्जाचे कागद ती ओळ न् ओळ वाचते. पण या कागदावरचा एकही शब्द तिला धड सांगता येईना. 'प्रिव्हेंटिव्ह टॉक्स, २० युनिट.' 'टियर ट्रफ करेक्शन, फिलर १ एमएल.' 'ब्रायडल ग्लो ड्रिप, ६ सेशन्स.' वय वर्षे सव्वीस.

संध्याकाळभर आम्ही दोघी ते शब्द उलगडत बसलो. जे हाती लागलं ते मैत्रिणींपुढे ठेवते आहे. हे शब्द न कळणं हा बायकांचा अडाणीपणा नाही. कळले तर गिऱ्हाईक दोन प्रश्न जास्त विचारेल, म्हणून ते असे गुळगुळीत करून ठेवलेले आहेत.

पहिला शब्द 'टॉक्स'. पूर्ण शब्द टॉक्सिन, म्हणजे विष. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूपासून ते मिळतं. खराब झालेल्या डबाबंद अन्नातून माणूस लुळा पडून मरतो तो याच विषानं. बोटॉक्स हे त्यापासून केलेल्या एका औषधाचं कंपनीनं दिलेलं नाव. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं. क्लिनिकचा कागद म्हणतो, स्नायू 'रिलॅक्स' होतो. सरळ मराठीत, स्नायू तीन-चार महिने लुळा पडतो. मग निरोप पुन्हा सुरू होतो आणि 'टच-अप'ची तारीख येते. म्हणजे हा एकदाचा खर्च नाही, हा हप्ता आहे.

'युनिट' म्हणजे मिलिलिटर नव्हे. हे माप ठरलं उंदरांवर : गटातले निम्मे उंदीर मरतील इतकं विष म्हणजे एक युनिट. चेहऱ्यावर देतात ती मात्रा माणसाला मारण्याच्या मात्रेहून खूपच कमी असते, उगाच भीती घालायची नाही. पण एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतकं नसतं, हे मात्र माहीत हवं. बाटलीवरचं नाव न सांगता नुसता युनिटचा भाव सांगणं म्हणजे माप न दाखवता दूध विकणं.

हे औषध वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरायला सुरुवात केली, आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आवळून बंद होण्याच्या विकारासाठी. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे ताठरलेले स्नायू त्यानं सैल होतात, जुनाट मायग्रेनवरही त्याचा उपयोग होतो. मग कॅनडातल्या कॅरुथर्स दांपत्याच्या, एक नेत्रतज्ज्ञ आणि एक त्वचारोगतज्ज्ञ, लक्षात आलं की डोळ्यांसाठी इंजेक्शन घेतलेल्यांच्या भुवयांमधल्या रेघाही जातात. १९९२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं, २००२ साली अमेरिकेत रेघांसाठीही परवानगी मिळाली. आजारी माणसं मोजकी असतात. रेघा सगळ्यांनाच येतात. बाजार कुठे वळला ते सांगायला नको.

आणि त्या रेघा म्हणजे काय? मराठीत त्यांना आठ्या म्हणतात. आठी ही बाई 'घालते'. नवऱ्याचं बोलणं पटलं नाही, साहेबाचा हात नको तिथे आला, सासरच्यांनी 'हौसेनं' काही मागितलं, की आपण कपाळाला आठी घालतो. तोंडानं बोलायची सोय नसेल तिथे आठीच बोलते. तीच 'दुरुस्त' करायची! आणि 'प्रिव्हेंटिव्ह' म्हणजे ती उमटण्याआधीच. प्रतिबंधक लस देवी-गोवरावर असते. सव्वीस वर्षांच्या मुलीच्या कपाळावर कुठला रोग येऊ घातलेला होता?

'करेक्शन' हा शब्द तर फारच नामी. आधी चूक ठरवायची, मग सुधारायची. डोळ्यांखालची खळगी म्हणजे 'टियर ट्रफ', डोळ्यांच्या कडेच्या रेघा म्हणजे 'कावळ्याचे पाय', ओठांच्या कोपऱ्यातून उतरणाऱ्या रेघा म्हणजे 'कळसूत्री बाहुलीच्या रेघा'. हसताना हिरडी दिसली तर त्यालाही नाव आहे आणि दर आहे. जात्यावर, चुलीपुढे, फायलींपुढे, लोकलच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईच्या चेहऱ्यावर आयुष्य जे लिहितं, त्याला क्लिनिकनं चुकांची यादी केलं.

'फिलर' म्हणजे भरणी. बहुतेक वेळा हायल्युरॉनिक अॅसिडची जेल. सहा महिने ते दीड वर्ष टिकते. याला 'नॉन-सर्जिकल' म्हणतात, म्हणजे सुरी नाही म्हणून भीती नाही असं आपण समजायचं. पण ही जेल रक्तवाहिनीत गेली तर त्या भागाचं रक्त अडतं, कातडी मरते. भुवयांच्या मध्ये, नाकाशी, डोळ्यांभोवती हा धोका जास्त, कारण तिथून जेल उलटी सरकून डोळ्याच्या रक्तवाहिनीत पोचू शकते आणि दृष्टी जाऊ शकते. असं क्वचित होतं, पण होतं. हायल्युरॉनिडेज नावाचं औषध ही जेल विरघळवतं, मात्र ते तिथल्या तिथे हाताशी हवं. दुसऱ्या प्रकारच्या भरण्यांवर ते चालत नाही. सहीच्या कागदावर याचं वर्णन होतं 'रेअर व्हॅस्क्युलर इव्हेंट'.

राहिलं 'ग्लो ड्रिप'. ग्लो म्हणजे गोरेपणा. १९७५ साली आलेल्या फेअर अँड लव्हलीनं २०२० साली नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं, तेव्हाच हा शब्द काय झाकतो ते उघड झालं होतं. क्रीम निदान वरून लावायचं होतं, आता शिरेतून. सलाइनमध्ये असतं ग्लुटाथायोन. फिलिपीन्समध्ये याचं वेड पसरलं, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनानं २०११ साली लोकांना सावध केलं : गोरेपणासाठी या इंजेक्शनला मान्यता नाही, त्वचेवर गंभीर पुरळ, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी होऊ शकतात. आपल्याकडे ते लग्नाच्या पॅकेजात मेंदीच्या शेजारी छापलेलं आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, माझं शरीर, माझा हक्क. ही घोषणा आपलीच आहे, तिच्याकडे पाठ फिरवता येणार नाही. जिनं सुई टोचून घेतली तिच्याकडे बोट दाखवायचं नाही. नोकरीच्या जाहिरातीत 'प्रेझेंटेबल' लिहिलेलं असतं, लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी'. त्या दोन शब्दांच्या मध्ये तिला जगायचं असतं. पण हक्क म्हणजे कळून निवडणं. होणाऱ्या सासूनं भेट म्हणून दिलेलं पॅकेज, न कळणाऱ्या भाषेतला कागद आणि 'साइन हिअर, मॅम', याला निवड म्हणायचं तर अंगठा उठवून घेणाऱ्या सावकारालाही उदार म्हणावं लागेल.

सुईचा हा प्रश्न चळवळीला नवा नाही. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध १९८६ साली हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तेव्हा विचारलं होतं : बाईला काय टोचताय ते तिला सांगितलंत का? तिच्या भाषेत? काही झालं तर जबाबदार कोण? तिथे बाई गरीब होती आणि सुई सरकारी. इथे बाई पैसे मोजते आणि सुई खाजगी. प्रश्न तेच आहेत.

म्हणून मागण्या साध्या आहेत. संमतीचा कागद मराठीत हवा. औषधाचं नाव, कंपनी आणि बॅच नंबर लिहून बाईच्या हातात मिळाला पाहिजे. टोचणाऱ्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक भिंतीवर दिसला पाहिजे. बिघडलं तर त्याच खोलीत काय उपाय आहे ते आधी सांगितलं पाहिजे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये स्वतःच्याच रक्ताच्या सुयांचं फेशियल केलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली. २०१८ साली सुरू झालेल्या त्या तपासाचा अहवाल २०२४ साली आला. कोण टोचतंय आणि कुठली सुई वापरतंय, हा चौकसपणा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

भाचीनं सही न करता कागद परत नेला. मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत पाच प्रश्न लिहून. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "एवढं कुणी विचारत नाही हो." भाचीनं ड्रिप रद्द केली. बाकीचं काय करायचं ते तिचं तीच ठरवेल, पण आता कळून ठरवेल.

तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात असे कागद मिळाले तर गटाच्या बैठकीत आणा. मोठ्यानं वाचू, प्रत्येक शब्दाचं मराठी करू. आणि वाचता वाचता कपाळाला आठी पडली तर पडू दे.