गोदेच्या शहरात पोहायचे कुठे?

हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉनचे एकूण अंतर ११३ किलोमीटर. त्यात ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे आणि अवघे १.९ किलोमीटर पोहणे. शंभरातले पावणेदोन भागही पोहण्याच्या वाट्याला येत नाहीत. तरीही गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर पहाटे उभ्या असलेल्या हौशी स्पर्धकाला विचारा, गेल्या सहा महिन्यांत झोप कशाने उडवली? तो सायकलचे नाव घेणार नाही, धावण्याचेही नाही, पाण्याचे घेईल. आणि स्पर्धक नाशिकचा असेल तर जरा जास्तच ठामपणे घेईल.

नाशिकला दमसासाच्या खेळांचे वेड काल-परवा लागलेले नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक घेऊन आली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्य मिळवले, आणि भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर धावायला येणाऱ्या आदिवासी मुलींची रांग लागली. धावपटू संजीवनी जाधव त्याच परंपरेतली. सायकलचे तसेच. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ, एक भूलतज्ज्ञ तर दुसरा दंतवैद्य. २०१५ मध्ये दोघांनी मिळून अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा ही सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ९ दिवसांच्या मुदतीत संपवली. पुढे २०१७ मध्ये नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी नाशिकच्या डॉक्टरांचा भरणा असलेला ‘सह्याद्री सायकलिस्ट्स’ हा चौघांचा संघही शर्यत पार करून परतला.

अशा शहरात ट्रायथलॉन रुजणार हे उघड होते. रवींद्रकुमार सिंगल शहराचे पोलीस आयुक्त असताना आयर्नमॅन झाले. नाशिकच्या पोलीस दलातील अश्विनी देवरे यांनी २०२२ मध्ये कझाकस्तानात पूर्ण आयर्नमॅन पार केली: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. बंदोबस्त, पाळ्या आणि घर सांभाळून एका पोलीस कर्मचारी महिलेने हे केले, याची नोंद शहराने आजवर घेतली त्याहून मोठी घ्यायला हवी. आता दरवर्षी गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला जाणाऱ्यांत नाशिकचे डॉक्टर, वकील, बिल्डर, शिक्षक, द्राक्षबागायतदार असतात. ही स्पर्धा २०१९ मध्ये पणजीत सुरू झाली आणि विमान, सायकलची खोकी, परदेशी हॉटेल हा सगळा खर्च टळला. मग मधल्या फळीतल्या माणसालाही हा नाद परवडू लागला.

सायकल आणि धावणे यांसाठी नाशिकसारखे गाव शोधून सापडणार नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली उतरतो, दिवाळीनंतरच्या पहाटे धावायला हवा कोरडी आणि गार. त्र्यंबकेश्वरचा रस्ता चढउतारांचा, पेठच्या बाजूला घाट, वणीकडे लांब पल्ला, आणि खरी परीक्षा हवी असेल तर कसारा घाट उतरून पुन्हा चढायचा. रविवारी पहाटे गिरणाऱ्याच्या चहाच्या टपरीवर हेल्मेट घातलेल्यांची गर्दी ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सायकलवरून उतरल्या उतरल्या बूट बदलून चार-पाच किलोमीटर धावायचे, ज्याला हे लोक ‘ब्रिक’ म्हणतात, तेही इथे कुठेही करता येते. पहिला किलोमीटर पाय आपले वाटतच नाहीत. मांड्यांना पॅडलचीच लय लागलेली असते. तीन-चार आठवड्यांत शरीर शिकते.

पाण्याचे तसे नाही. त्र्यंबक रोडवरचा महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव हा कित्येक नाशिककरांचा पहिला गुरू. पण तिथे बॅच ठरलेली, वेळ ठरलेली, उन्हाळ्याच्या सुटीत लेनमध्ये मुलांची दाटी. चाळिशीत पोहायला शिकणारा माणूस तिथे फ्रीस्टाइल शिकतो, दम वाढवतो, महिन्या-दोन महिन्यांत दोन किलोमीटर मारूही लागतो. त्याला वाटते, झाले. आणि इथेच घात असतो. तलावात तळाशी काळी रेघ दिसते, ठरावीक अंतरावर भिंत येते, भिंतीला पाय मारून फुकटचा वेग मिळतो, खोकला आला तर कठडा धरता येतो. समुद्रात यातले काहीही नाही. तोंडाशी खारे पाणी, खाली गढूळ अंधार, बाजूला शेकडो हात-पाय, आणि सरळ जातोय की नाही हे कळायला दर सहा-आठ हातांनंतर मान वर काढून बोया शोधावा लागतो. बोया चुकला की १.९ चे सव्वादोन किलोमीटर होतात. गोव्याचे पाणी उबदार असते. थंड पाण्याच्या स्पर्धांत अंगाला तरंगता आधार देणारा वेटसूट चालतो, इथे तोही नशिबात नसतो.

पोहण्याची मुदत असते १ तास १० मिनिटे. ती चुकली की स्पर्धा तिथेच संपली. सहा महिने घाटात गाळलेला घाम सायकलला हात लावण्याआधीच वाया.

हे केवळ वेळेचे दुखणे असते तर एवढे लिहायची गरज नव्हती. अमेरिकेत जानेवारी २००६ ते सप्टेंबर २००८ या काळातल्या ट्रायथलॉनचा अभ्यास २०१० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साडेनऊ लाखांहून अधिक सहभागींमध्ये १४ मृत्यू झाले होते, आणि त्यातले १३ पोहताना. प्रमाण फार मोठे नाही, पण धोका कुठे बसला आहे हे त्यातून स्पष्ट दिसते. उघड्या पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्याचा श्वास उथळ होतो, छातीची धडधड वाढते, थांबून पाठीवर तरंगावे हे सुचत नाही. ही भीती पुस्तक वाचून जात नाही. उघड्या पाण्यात, जाणत्या माणसासोबत, पुन:पुन्हा उतरूनच ती जाते. नाशिकच्या अनेक हौशी स्पर्धकांच्या वाट्याला असा सराव येतो तो थेट गोव्यात, स्पर्धेच्या एक-दोन दिवस आधी. ही गोष्ट शहराने मनावर घ्यायला हवी.

या खेळाचा जन्मच पाण्याकाठी झाला आहे. सप्टेंबर १९७४ मध्ये सॅन दिएगोच्या मिशन बे इथे एका धावपटू क्लबाने बदल म्हणून पहिली ट्रायथलॉन घेतली. ४६ जण उतरले. त्यांच्यातले जॉन आणि ज्युडी कॉलिन्स हे दांपत्य पुढे हवाईला गेले आणि १८ फेब्रुवारी १९७८ रोजी तिथल्या तीन प्रसिद्ध शर्यती एकापाठोपाठ एक जोडून पहिली आयर्नमॅन झाली. सुरुवात १५ जणांनी केली, पूर्ण १२ जणांनी. तिथे समुद्र दारातच होता. आपल्याकडेही अशी गावे आहेत. कोल्हापूरच्या पोरांचे बालपण पंचगंगेच्या आणि रंकाळ्याच्या पाण्यात जाते. जलतरणपटू वीरधवल खाडे तिथला, आणि ट्रायथलॉनमध्येही कोल्हापूरचे नाव मोठे आहे. मालवणच्या चिवला बीचवर राज्यभरातून मुले सागरी जलतरणाला येतात.

नाशिकला समुद्र नाही, पण पाण्याची वानवा म्हणावी तर तेही खरे नाही. गंगापूर, काश्यपी, गौतमी-गोदावरी, आळंदी, वालदेवी, दारणा, मुकणे. शहराच्या चहूबाजूंनी धरणे आहेत. शहरातून गोदावरी वाहते. पाणी आहे, पण पोहणाऱ्यासाठी अधिकृत, राखलेला, जीवरक्षक असलेला पट्टा नाही. मग कुणी ओळखीच्या चौघांना घेऊन एखाद्या धरणाच्या फुगवट्यात उतरतो, कमरेला रंगीत फुगा बांधतो आणि काठावर एकाला लक्ष ठेवायला बसवतो. हे सारे आपापल्या जबाबदारीवर.

मागणी साधी आहे. एखाद्या धरणाच्या फुगवट्यात पाचशे मीटरचा पट्टा बोया लावून आखावा. शनिवार-रविवारी पहाटे दोन-अडीच तास तो खुला असावा. दोन प्रशिक्षित जीवरक्षक, एक बचावनौका, एक रुग्णवाहिका, नावनोंदणी आणि पोहण्याची छोटी चाचणी. पावसाळ्यात विसर्ग सुरू झाला की पट्टा बंद. यासाठी नवे बांधकाम लागत नाही, सिमेंटचे एक पोतेही नाही. नांदूर मध्यमेश्वरचे पाणी मात्र पक्ष्यांचे आहे. ते रामसर यादीतले पाणथळ स्थळ आहे आणि त्याला कुणी हात लावू नये.

यावर पहिला आक्षेप पिण्याच्या पाण्याचा येतो आणि तो रास्त आहे. गंगापूर धरण नाशिककरांची तहान भागवते. पण त्याच गंगापूर धरणाच्या काठी पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे. त्या पाण्यावर प्रवासी बोटी चालू शकतात, तर मोजक्या वेळेत मोजक्या जलतरणपटूंचा विचार करायला हरकत नसावी. तरीही गंगापूर नको असेल तर नको. आळंदी आहे, वालदेवी आहे.

वालदेवीचे नाव घेतले की दुसरा आक्षेप आपोआप पुढे येतो. एप्रिल २०२१ मध्ये तिथे फिरायला गेलेल्यांपैकी सहा जण बुडाले, त्यात बहुतेक मुली होत्या. अशा घटनेनंतर ‘येथे पोहण्यास मनाई आहे’ हा फलक लागतो आणि विषय मिटतो. फलकाने मुले थांबत नाहीत हे आपण दर उन्हाळ्यात बघतो. ज्या काठावर जीवरक्षक उभा आहे, जिथे आठवड्याला पन्नास जाणते जलतरणपटू येतात, तिथे बुडणाऱ्याला हात देणारा कुणीतरी असतो. ओसाड काठावर कुणी नसते. धरणाच्या पाण्यात सुरक्षितपणे उतरायची सोय करणे हे बुडण्याच्या विरोधातलेच काम आहे.

तिसरा आक्षेप जरा टोचणारा आहे. हा लाखभर रुपयांच्या सायकली चालवणाऱ्यांचा छंद, त्यासाठी सरकारने का झिजायचे? प्रवेशशुल्कच हजारोंत आहे हे खरे. पण सायकल महाग आहे, पाणी नाही. एकदा पट्टा आखला की तो डॉक्टरचाही आणि पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळेतल्या मुलाचाही. गरीब घरच्या मुलाला पाणी कुठवर नेते, हे या जिल्ह्याने एकदा बघितलेही आहे. चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे पाण्यासाठी तरसणारे गाव. तिथल्या विहिरी खणणाऱ्या मजुराचा मुलगा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगच्या एकेरीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात त्याने सुवर्णपदक जिंकले. वल्हे त्याच्या हातात आले ते लष्करात गेल्यावर, पुण्यात. आज केटीएचएम महाविद्यालयाच्या बोट क्लबमुळे नाशिकची मुले गोदावरीतच रोइंग शिकतात. कुणीतरी ठरवले, म्हणून नदीचा तेवढा भाग खेळाचा झाला. नाशिकचाच स्वयं पाटील हा दिव्यांग जलतरणपटू मुंबईच्या समुद्रात पोहून २०२२ चा पंतप्रधान राष्ट्रीय बालपुरस्कार घेऊन आला. अशा मुलाला सरावासाठी दर वेळी समुद्र गाठावा लागू नये, एवढे तरी शहर नक्की करू शकते.

पट्टा आखला म्हणून सगळे सुटत नाही. तलावांच्या वेळा बदलायला हव्यात. पहाटे पाचला दोन लेन लांब पल्ल्याच्या पोहण्यासाठी राखल्या तर नोकरदार माणूस साडेआठला कामावर पोहोचतो. महिलांच्या बॅच बऱ्याचदा भर सकाळी किंवा दुपारी ठेवल्या जातात, जेव्हा नोकरी करणारी बाई येऊच शकत नाही. अश्विनी देवरे यांच्या मागोमाग आणखी दहा जणी याव्यात असे वाटत असेल तर पहिला बदल या वेळापत्रकात हवा.

मुहूर्तही हाताशी आहे. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिकमध्ये घाट, नदीकाठ आणि मलजलशुद्धीकरणाची कामे निघाली आहेत. पर्वण्यांच्या दिवशी घाटांवर जीवरक्षक, बोटी आणि बचावपथके उभी करावीच लागणार. या कामासाठी प्रशिक्षण घेणारे स्थानिक तरुण सिंहस्थ सरल्यावर घरी पाठवण्याऐवजी शनिवार-रविवारच्या पट्ट्यावर नेमता येतील, त्यांच्यासाठी घेतलेल्या बोटी तिथेच वापरता येतील. जलसंपदा विभाग, महापालिका, पर्यटन महामंडळ आणि जिल्हा क्रीडा कार्यालय या चौघांची एक बैठक जिल्हाधिकाऱ्यांनी बोलवावी आणि तिला शहरातल्या ट्रायथलॉनपटूंनाही बसवावे. कुठल्या काठाला उतार सोपा आहे, कुठे गाळ आहे, कुठे तळाशी झाडांची खोडे राहिली आहेत, हे त्यांना कागदावर आखून देता येईल.