पिक्चर संपल्यावर ती जाते कुठे?

मैत्रिणींनो, 'एवढे सिनेमे बघायला तुम्हाला वेळ तरी कसा मिळतो हो?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणारीच्या आवाजात थोडं कौतुक असतं आणि थोडा टोमणाही असतो. तर आधी त्याचंच उत्तर देऊन टाकते. वेळ कुणालाच मिळत नाही, तो काढावा लागतो. अंजनवेलला थिएटर नाही. पिक्चरसाठी चिपळूण गाठायचं म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. पण १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त आपल्याला अर्धं तिकीट झालं, आणि वाचलेलं अर्धं मी सिनेमाच्या खात्यावर जमा धरते. आदल्या रात्री भाजी चिरून ठेवायची, सकाळी आमटी-भात करून झाकून ठेवायचा आणि दहाच्या आत घराबाहेर पडायचं. घरात कुणी उपाशी मरत नाही. पोहे आहेत, गूळ आहे, ओलं खोबरं आहे. ज्याला भूक लागेल तो डबे उघडून बघतोच!

मराठी पिक्चरबद्दल एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा. तो बघायचाच असेल तर पहिल्या आठवड्यात बघा. 'पुढच्या आठवड्यात जाऊ' म्हणेपर्यंत तो उतरलेला असतो, नाहीतर त्याला सकाळी नवाचा खेळ दिलेला असतो. सकाळी नवाला कुठली गृहिणी थिएटरात पोचणार, सांगा बरं?

आता मुद्द्याकडे येते. गेल्या चार-पाच वर्षांत बायकांवरचे सिनेमे बरेच आले आणि आपण ते डोक्यावर घेतले. मी ते पाहिले, काही दोनदा पाहिले. हल्ली प्रत्येक सिनेमा पाहून झाला की मी मनाशी एकच प्रश्न विचारते. पिक्चर संपल्यावर ही बाई राहायला कुठे जाते? आणि ते घर कुणाच्या नावावर आहे? प्रश्न साधा आहे, पण त्याने सिनेमाचं पाणी बरोबर जोखता येतं.

'झिम्मा'पासून सुरुवात करू. नोव्हेंबर २०२१. करोनानंतर थिएटरं नुकतीच उघडली होती, तीही निम्म्याच खुर्च्यांवर. अशा वेळी हेमंत ढोमे यांच्या या सिनेमाने बायकांना घराबाहेर काढलं. सात बायका विलायतेच्या सहलीला जातात, एवढीच गोष्ट. निर्मिती सावंत यांनी केलेली, पहिल्यांदाच एकटीने घराबाहेर पडलेली बाई बघून माझ्या शेजारी बसलेल्या काकू हसता हसता डोळे पुसायला लागल्या. सिनेमा गोड आहे, संवाद खुसखुशीत आहेत. पण सहल ती सहल. सामान बांधून सगळ्या परत येतात आणि आपापल्या ओट्यापाशी उभ्या राहतात. सुट्टी लागतेच माणसाला, त्यात वाईट काही नाही. फक्त सुट्टीला सुटका समजू नये.

३० जून २०२३ ला आला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा'. काकडेंच्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांची जुगलबंदी तर पैसे वसूल करणारी! बायका नऊवारी नेसून, नथ घालून थिएटरात गेल्या, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत फुगड्या घातल्या. सिनेमाने सत्तर कोटींच्या वर धंदा केला. बायकांच्या सिनेमाला कोण येतंय, असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली, आणि हा मोठाच फायदा मी मानते. मलाही मजा आली. तरी एक सांगते. बहिणीबहिणींतली अढी सुटावी, एकमेकींना सांभाळून घ्यावं, हे सगळं सिनेमात मनासारखं होतं. घरातल्या पुरुषांनी काय बदलायचं, हा धडा मात्र हळू आवाजात आहे. नाचून मोकळं व्हायचं काम पुन्हा आपल्याकडेच.

परेश मोकाशी यांचा 'नाच गं घुमा' १ मे २०२४ ला, कामगारदिनीच आला. नोकरी करणारी राणी म्हणजे मुक्ता बर्वे आणि तिच्या घरी काम करणाऱ्या आशाताई म्हणजे नम्रता संभेराव. दोघींनी धमाल केली आहे. घरकाम करणारी बाई एक दिवस आली नाही की शहरातल्या घराचं काय होतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना हसू आवरणार नाही. पण आशाताईंच्या सुट्टीचा आणि पगाराचा हिशेब मला आणखी हवा होता. प्रेमाने मिठी मारली की उपकार फिटतात, पगार फिटत नाही. तुमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना महिन्याला ठरलेल्या सुट्ट्या आहेत का? नसतील तर या महिन्यापासून द्या. सिनेमा बघितल्याचं सार्थक होईल.

१ मे २०२५ ला आलेला शिवराज वायचळ यांचा 'आता थांबायचं नाय!' बायकांचा सिनेमा म्हणून कुणी मोजत नाही, पण मी मोजते. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीतले कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावी होतात, ही खरी घडलेली गोष्ट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांनी उगाच विनोदाच्या मागे न लागता काम केलंय. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलांच्या पुस्तकात चोरून डोकावणाऱ्या आया मी रोज बघते. 'आता या वयात काय दहावी?' असं म्हणणाऱ्या प्रत्येकीने हा सिनेमा बघावा, आणि सतरा नंबरचा फॉर्म काय असतो ते जवळच्या शाळेत जाऊन विचारून यावं. बाहेरून परीक्षेला बसण्याची ती वाट आहे.

आता थोडं आपल्या कोकणाचं. १२ सप्टेंबर २०२५ ला सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' आला. एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर त्यात दशावतारी कलावंत झालेत, आणि त्यांचं काम बघताना हात जोडावेसे वाटतात. दशावतार खाली सिंधुदुर्गातला. आमच्या गुहागर तालुक्यात नमन आणि जाखडी. पण रात्रभर जागवणाऱ्या खेळ्यांचं नातं सारखंच. खाण येते, पैसा येतो, गावात फूट पडते, ही गोष्ट आम्हाला सांगावी लागत नाही. एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प नावाने दाभोळचा असला तरी तो उभा राहिला खाडीच्या अलीकडे, आमच्या अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. त्याच्या विरोधात जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस पहाटे शिरले, बायकांना मारहाण झाली, त्यांना धरून नेलं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी यावर अहवाल काढला. म्हणून 'दशावतार' बघताना मला सारखं वाटत राहिलं, की जमिनीसाठी लढायला उभ्या राहिलेल्या बायका पडद्यावर एवढ्या मागे का? इथे तर त्या सर्वांत पुढे होत्या.

घरबसल्या पाहिलेले दोन सिनेमे शेवटी ठेवलेत, कारण ते डोक्यातून जात नाहीत.

पहिला 'मिसेस'. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला हा हिंदी सिनेमा आरती कडव यांनी केला. मूळ मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन', २०२१ चा, जिओ बेबी यांचा. यात मारहाण नाही, हुंडा नाही. सासऱ्यांना चटणी पाट्यावर वाटलेली हवी, फुलका तव्यावरून थेट ताटात हवा, आणि मोरीचा नळ गळतोय तो दुरुस्त करायला नवऱ्याला वेळ नाही. बस्स, एवढंच! आणि एवढ्याने जीव कसा गुदमरतो ते सान्या मल्होत्राने दाखवलंय. हा सिनेमा एकटीने बघू नका. यजमानांना आणि मुलग्यांना शेजारी बसवा. काही बोलू नका. गळणाऱ्या पाइपाखाली ती बादली ठेवते, तेव्हा फक्त त्यांच्याकडे एकदा बघा.

त्यातली नायिका घर सोडते. १९८२ साली जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटीलची सुलभाही घर सोडते. चाळीस वर्षं उलटली तरी आपल्या नायिकांना स्वाभिमानाने जगायचं तर दार उघडून बाहेरच जावं लागतं. मला विचाराल, तर बाहेर तीच का जाते? घर तिचं नव्हतंच का?

या प्रश्नाचं उत्तर मला दुसऱ्या सिनेमात मिळालं. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळाला. तीस वर्षांनी भारताचा सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत गेला होता. बक्षिसाचे सिनेमे जड असतात म्हणून बाजूला सारू नका. मुंबईच्या इस्पितळातल्या दोन मल्याळी परिचारिका आणि तिथेच स्वयंपाक करणारी पार्वती, अशा तिघींची ही गोष्ट. पार्वती झाल्या आहेत छाया कदम, 'लापता लेडीज'मधल्या चहाच्या टपरीवरच्या मंजूमाई त्याच. पार्वती आपल्या रत्नागिरीकडची. वीसेक वर्षं मुंबईत एका खोलीत राहिलेली. नवरा वारला, बिल्डर दारात आला, आणि बाईकडे त्या खोलीत राहिल्याचा एकही कागद नाही. जे काही होतं ते नवऱ्याला ठाऊक. ती खोली सोडते आणि कोकणातल्या गावी परत येते.

मैत्रिणींनो, ही पार्वती आपल्या ओळखीची नाही का? १८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले. त्यांत आपल्या कोकणातले किती तरी होते. आजही आमच्याकडे घरटी एक चाकरमानी मुंबईला. गावचं घर बाई सांभाळते. पावसाआधी कौलं ती चाळून घेते, घरपट्टी ती भरते, आणि उताऱ्यावर नाव मात्र मुंबईतल्या दिराचं, नाहीतर केव्हाच देवाघरी गेलेल्या आजेसासऱ्यांचं!

सिनेमा बघून झाल्यावर मी यांना म्हटलं, 'आपला उतारा काढून बघू या का?' त्यात भांडण नव्हतं की संशय नव्हता. तुम्हीही असंच करा. 'माझं नाव लावा' असं एकदम म्हटलं की घरात मोठमोठे चेहरे होतात. सिनेमाचं निमित्त असलं की बोलणं सोपं जातं. आणि बोलायला बसण्यापूर्वी एवढं माहीत असू द्या :

गावातलं घर असेल तर ते पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावं, असं शासनाचं परिपत्रक २००३ सालापासून आहे. ग्रामपंचायतीत अर्ज करून नमुना ८ च्या उताऱ्यावर नाव लावून घेता येतं.

नवऱ्याच्या नावावरची शेतजमीन असेल तर १९९२ ची 'लक्ष्मीमुक्ती' योजना आहे. त्याने तलाठी कार्यालयात अर्ज केला की पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्ज त्याने करायचा असतो, म्हणून तर त्याला आधी सिनेमा दाखवायचा!

नवीन घर घेत असाल, तर ते बाईच्या नावे घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. अटी नोंदणी कार्यालयात विचारून घ्या.

घरात कुणी वारलं असेल तर वारसनोंद लांबवू नका. हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे आणि मुली या सगळ्यांचा हक्क पहिल्या वर्गातला आहे. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा वाटा मुलाइतकाच. वारसनोंदीत आपलं नाव आलंय की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

आणि कागदांची एक पिशवी करा. रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, उतारे, विम्याचे कागद. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. कुठे ठेवलीय ते घरातल्या दोन माणसांना तरी माहीत असू द्या, आणि त्यांतली एक बाई असू द्या.

आमच्या उताऱ्यावर काय निघालं? आजेसासऱ्यांचंच नाव! आता वारसनोंदीचा अर्ज गेलाय. चुलतदिरांच्या सह्या गोळा करायला गणपतीशिवाय दुसरा मुहूर्त नाही, सगळे तेव्हाच घरी येतात. सासूबाई मात्र खूश आहेत. 'माझंही नाव येणार ना गो?' असं दोनदा विचारून झालं त्यांचं. येणार, आई. पहिलं तुमचंच.

तुमच्याकडचा उतारा काय म्हणतो, ते जरूर कळवा. आणि या महिन्यात कुठला पिक्चर पाहिलात, तेही!