गादीवाफ्यातलं आलं आणि कुंडीतलं जैतून

गेल्या काही वर्षांत आपल्या लोकांत एक चांगली हौस वाढली आहे. कोकणात नवं घर उभं राहिलं की मागच्या परसात, आंब्या-फणसाच्या सावलीत, चिरे रचून एक उंच वाफा करायचा आणि त्यात कुराणात उल्लेख असलेली झाडं लावायची. म्हणजे काय, तर जैतून, अंजीर, डाळिंब आणि जमलं तर एक खजूर. भावना सुंदर आहे. निवड मात्र चुकीची आहे, आणि ती का चुकते याचा विचार आपण करायला हवा.

आधी साधी गोष्ट. ही चारही झाडं उन्हाची आहेत. जैतुनाला फुलायला थंडीचा हंगाम लागतो. आपल्या किनाऱ्यावर स्वेटर काढायची वेळ क्वचित येते. खजुराचं फळ पिकायला कोरडी, तापलेली हवा लागते. कच्छमध्ये खजूर होतो, पण तिथेही पावसाच्या आत फळं उतरवण्याची घाई असते. आपल्याकडे तर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अंजीर नाव काढतं ते पुरंदरचं आणि डाळिंब सोलापूरचं, दोन्ही कमी पावसाचे मुलूख. हे सगळं दाट आंब्याखाली लावणं म्हणजे झाडावर जुलूम आणि पैशाची नासाडी. इस्राफ फक्त लग्नाच्या पंगतीत होत नाही.

आता गंमत अशी की कुराणातली झाडं म्हटल्यावर आपल्याला फक्त अरबस्तानच आठवतं. सूरह दहरमध्ये जन्नतच्या पेयाचं वर्णन येतं, त्यात जंजबील आहे. जंजबील म्हणजे आलं, अदरक. अरबी वाळवंटात पिकणारा हा कंदच नव्हे. तो व्यापाऱ्यांबरोबर पूर्वेकडून तिकडे गेला, आणि नावही सोबत घेऊन गेला. भाषेचे अभ्यासक 'जंजबील' या शब्दाचं मूळ भारतीय भाषांकडे नेतात. संस्कृतातलं 'शृंगवेर' त्याच कुळातलं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून या शब्दाचा प्रवास मला विशेष जवळचा वाटतो. जो कंद आपल्या सावलीत सुखाने वाढतो, तोच जन्नतच्या प्याल्यात आहे. मग तो सोडून आपण जैतुनाच्या मागे का लागतो?

सूरह वाकिआमध्ये 'तल्ह' येतं. अनेक मुफस्सिरांनी त्याचा अर्थ केळ असा घेतला आहे, काहींनी बाभळीच्या जातीचं झाड म्हटलं आहे. केळ घ्यायची तर ती वाफ्याच्या मोकळ्या कडेला, जिथे थोडं ऊन मिळतं तिथे लावावी.

बाकीचा वाफा इथल्याच झाडांनी भरावा. हळद, आलं, अळू, सुरण ही विरळ सावली सोसणारी पिकं आहेत. आंब्याच्या खोडावर काळ्या मिरीचा वेल चढवता येतो. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने 'लाखी बाग' म्हणून जी पद्धत लोकांपुढे ठेवली, तिचं सूत्र हेच आहे: माडाच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी. आपल्या आजीच्या वाडीत यातलं बरंच काही होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. एक कोपरा रानासाठीही सोडावा. पहिल्या पावसाबरोबर वर येणारी शेवळं आणि भारंगी ही झाडाखालचीच माणसं.

उंच वाफ्याला शेतकऱ्यांचा जुना शब्द आहे, गादीवाफा. आल्याला तो लागतोच, कारण पाणी साचलं की कंद कुजतो. पण झाडाखाली करताना दोन गोष्टी सांभाळायच्या. वाफा खोडाला टेकवायचा नाही, पाच-सहा फूट तरी लांब ठेवायचा. खोडाभोवती माती चढली की साल कुजते. आणि आंब्याची अन्न घेणारी बरीच मुळं वरच्या थरात असतात, तेव्हा खाली खणत बसू नये, उंचीही फूटभरच पुरे. चिरे सिमेंटशिवाय नुसते रचावेत, फटीतून पाणी जाऊ द्यावं. आत माती, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा. पाचोळा जाळणाऱ्यांनी निदान एवढं तरी करावं.

कुणी म्हणेल, वाफ्याचा एवढा ऊहापोह कशाला? कारण प्रश्न वाफ्यापुरता नाही. दीनदारी दाखवायची म्हणजे काहीतरी लांबून आणायला हवं, ही समजूत आपल्या पोशाखात शिरली, बोलण्यात शिरली, आता परसातही शिरते आहे. आणि इथली माती, इथली भाषा, इथला पाऊस हे जणू दीनच्या बाहेरचं आहे, असं आपली मुलं नकळत शिकतात. बाहेरचे लोक आपल्याला परके म्हणतात तेव्हा आपल्याला राग येतो, आणि तो रास्तच आहे. पण स्वतःच्या अंगणातल्या हळदीला परकं मानायचं काय कारण?

बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत हदीस आहे की मुसलमानाने लावलेल्या झाडाचं किंवा पेरलेल्या पिकाचं माणसाने, पाखराने, जनावराने खाल्लं तर तो त्याचा सदका ठरतो. त्यात झाडाच्या जातीची अट नाही. कुणाच्या तरी पोटात जावं, एवढंच आहे. कुंडीत कुढणाऱ्या जैतुनाचं फळ कोण खाणार? श्रावणात शेजारची काकी पातोळ्यांसाठी हळदीची पानं मागायला येते, अळूची जुडी मोहल्ल्यात वाटली जाते, थंडीत आल्याचा चहा पाहुण्यापुढे येतो. सदका असा घडतो.

आल्याचे आणि हळदीचे कंद मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर लावायचे असतात. तोवर चिरे रचून ठेवा.