कल कळला, पुढे काय?

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली. मुलाने प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि मग त्याच्या हातात कागद पडायचा: तुझा ओढा शेतीकडे, वाणिज्याकडे, ललित कलांकडे, आरोग्य विज्ञानाकडे, तांत्रिक क्षेत्राकडे की गणवेशधारी सेवेकडे. पुढे ती चाचणी मोबाईलवर आली आणि मग बंद झाली. २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल आले. विद्यार्थ्याचा सरल क्रमांक टाकला की अभ्यासक्रमांची मोठी यादी उघडते. दोन्ही कल्पना मला चांगल्या वाटल्या. पण कागद हातात घेऊन मूल ज्याच्यासमोर बसेल तो माणूस दोन्हींत नव्हता.

अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कुलांत ‘ॲडव्हायझरी’ नावाचा तास असतो. पंधरा-वीस मुले, एक शिक्षक, आणि बहुतेक ठिकाणी तोच शिक्षक काही वर्षे. त्याने विषय शिकवायचा नाही, मुलाला ओळखायचे. आपल्याकडे असे काही नाही म्हणावे, तर वेळापत्रकात जागा आहे. नववी-दहावीला ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा विषय आहे, त्याला श्रेणी मिळते. पण ज्याची लेखी परीक्षा नाही तो तास कोणाचा असतो, हे शिक्षकांना सांगायला नको. डिसेंबर उजाडला की तो गणिताचा किंवा इंग्रजीचा होतो.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. कन्हानमध्ये आमच्याकडे येणाऱ्या मुलांचे वडील कोळसा खाणीत कंत्राटावर, ट्रकवर, गॅरेजमध्ये, नाहीतर नदीपलीकडे कामठीला कामावर. या घरांत मुलाचा कल काय हा प्रश्न दुसरा असतो. पहिला प्रश्न कागदांचा असतो.

एक उदाहरण सांगतो. एका मुलीला बारावीला चांगले गुण मिळाले, तिला बी. फार्म. करायचे होते. वडील म्हणाले, “सर, बच्ची तो पढ लेगी, फीस कहाँ से लाऊँ?” फीचे उत्तर माझ्याकडे होते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारने माफ केली आहे. हे कुटुंब मोमीन, म्हणजे ओबीसी. पण जातीचे प्रमाणपत्रच काढलेले नव्हते. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला मिळाला, त्यात जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’. मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी, कितीतरी घरांत हीच अडचण आहे. मग दुसरा पुरावा शोधा, पणजोबांची नोंद शोधा, त्यानंतर नॉन-क्रिमीलेअर, पडताळणी. प्रवेशाच्या फेऱ्या कोणासाठी थांबत नाहीत. मुलीने बी.एस्सी.ला नाव घातले.

कल चाचणी तिच्यापर्यंत टिकली असती तर तिच्या कागदावर कदाचित ‘आरोग्य विज्ञान’ आले असते. उपयोग काय झाला असता? हेच काम ती आठवीत असताना कोणी हाती घेतले असते तर चार वर्षे हाताशी होती.

आठवी मी मुद्दाम म्हणतो. त्याच वर्षी एनएमएमएसची परीक्षा असते. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असेल, सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल आणि निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. परीक्षा उर्दूतूनही देता येते. आठवी निघून गेली की ती संधी परत येत नाही. दहावीच्या निरोप समारंभात पाहुणे बोलावून ‘करिअर मार्गदर्शन’ करण्यात म्हणूनच मला फारसा अर्थ दिसत नाही. पाहुणे आयएएसच्या गोष्टी सांगतात, मुले टाळ्या वाजवतात.

गणवेशाचेच पाहा. कामठीला छावणी आहे, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे, एनसीसीच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी आहे. आमची मुले पुलावरून लष्कराच्या गाड्या रोज पाहतात. आत जायची वाट कोणती, वय किती लागते, कोणत्या वर्गात एनसीसी घ्यायची, हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. हे सांगायला समुपदेशकाची पदवी लागत नाही.

शिक्षक म्हणतील, वेळ कुठे आहे? खरे आहे. यूडायसची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, मतदार यादीचे काम, हे सगळे आमच्याच गळ्यात असते. म्हणून जादा काम नको. जो तास वेळापत्रकात आहेच तो गणिताला देऊ नका, एवढेच मुख्याध्यापकांना म्हणणे आहे. आठवीपासून वीस मुलांमागे एक शिक्षक ठरवा आणि दहावीपर्यंत बदलू नका. मुलींच्या गटाला शक्यतो बाई द्या. काही गोष्टी मुली मला सांगणार नाहीत, आणि अम्मीही बाईंशीच मोकळेपणी बोलते. पालकांची सभा ते घरी जी बोली बोलतात त्याच बोलीत घ्या.

विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. पहिल्या महिन्यात त्या तासाला एकच काम पुरे: आठवीच्या प्रत्येक मुलाला विचारायचे, दादा कोणत्या शाळेत शिकले, आणि त्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आज कुठे आहे?