‘दहा वर्षांना एक स्टॉप’ नावाची थाप

मुदत संपलेल्या कृष्णधवल फिल्मबद्दल कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त प्रकाश द्या. तीस वर्षं जुनी? मग तीन स्टॉप. जन्मसाल सांगा, भविष्य घेऊन जा.

फिल्मला साल कळत नाही, ऊन कळतं. नागपुरात पत्र्याखालच्या माळ्यावर वीस उन्हाळे काढलेला रोल आणि फ्रीजमध्ये पडून राहिलेला त्याच बॅचचा रोल यांचं वय एकच, हाल वेगळे. त्यात ४०० आयएसओची वेगवान फिल्म लवकर धुरकटते, २५-५०ची संथ फिल्म दशकं तग धरते. स्वीडनचा आंद्रे १८९७ साली बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि बर्फात मेला. त्याची फिल्म थेट १९३० मध्ये सापडली आणि स्टॉकहोमच्या जॉन हर्ट्झबर्गनं तिच्यातून ९३ फोटो काढून दाखवले. तेहतीस वर्षांनी! थंडीची कृपा.

आणि डब्यावरचं लेबलच गेलं असेल तर? मूळ स्पीड माहीत नाही, साल माहीत नाही. दहा-दहा वर्षं मोजणार कुठून?

तेव्हा चाचणी करा. अंधारात हातभर तुकडा कापून रिकाम्या कॅसेटमध्ये भरा. जवळपास पाव रोल जातो, जाऊ दे. उन्हाबरोबर गडद सावलीही असलेलं एकच दृश्य ४००, २००, १००, ५०, २५, १२ असं मीटर लावत घ्या. शेवटची फ्रेम लेन्सवर झाकण ठेवून. मग एचसी-११० (जुन्या फिल्मवर तो धूर कमी चढवतो) १:३१ प्रमाणात, २० अंशांना, सुरुवातीला सहा मिनिटं. मे महिन्यात नळाचं पाणी तिशीला असतं, परातीत बर्फ घ्या. आता झाकणवाल्या फ्रेमपेक्षा सावलीतला तपशील पहिल्यांदा कुठे वेगळा दिसतो ते बघा. तो तुमचा स्पीड.

निगेटिव्ह करडी दिसली की लगेच ‘फिल्म मेली’ म्हणून रडू नका. ३५ मिलिमीटरच्या बऱ्याच फिल्मचा बेसच करडा असतो. प्रकाश न लागलेले दोन बारीक तुकडे घ्या: एक नुसता फिक्सरमध्ये, दुसरा अंधारात डेव्हलपर आणि मग फिक्सरमध्ये. दोघांतला फरक म्हणजे धूर. तो जास्त असेल तर बेन्झोट्रायझोल घालता येतं, पण ते स्पीडही खातं. म्हणजे पुन्हा चाचणी. कंटाळवाणं आहे, मान्य.

यावर हमखास येणारं उत्तर: ‘अरे, काय येईल ते येईल, त्यातच मजा!’ धूर आणि दाणे हवे असतील तर फोनमधलं फिल्टर फुकट आहे. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना बंद पडला. ‘इंदू’चा रोल आता कुणाच्या तरी कपाटातच मिळणार. तो आजीच्या फोटोसाठी वापरायचा आणि हाती फक्त करडं धुकं आलं की त्याला ‘व्हाइब’ म्हणायचं?

घरात सापडलेला, आधीच कुणीतरी फोटो काढून ठेवलेला रोल असेल तर एक्सपोजर ठरवणं आपल्या हातात नाही, फक्त डेव्हलपिंग आहे. तिथेही टोकाचे दोन-चार सेंटिमीटर आधी कापून बघता येतात. आत आजोबांचं लग्न असू शकतं.