झिजलेला गिअर लिव्हर: पाचशेचं वेल्डिंग की तीन हजारांचं काम?



सारोळ्यासारख्या महामार्गावरच्या गावात गॅरेज टाकायचं म्हटलं की बोर्ड आधीच ठरलेला असतो: ‘सर्व प्रकारच्या गाड्या दुरुस्त करून मिळतील.’ माझं मत वेगळं आहे. रोजीरोटीसाठी पिकअप, ट्रॅक्टर, टू-व्हीलर करा. पण एखादं काम असं धरा की ते तुम्हाला मुळापासून येतं आणि त्याचे पैसे तुम्ही हिशोबाने मागता. आजचं उदाहरण आहे जुन्या जीपच्या गिअर लिव्हरचं.

महिंद्राने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या तीन गिअरच्या जीप आजही हौशी लोक जपून ठेवतात. त्यात गिअर लिव्हर थेट गिअरबॉक्सच्या वरच्या झाकणात बसतो. खाली दोन शिफ्टर रॉड असतात. एकावर पहिला आणि रिव्हर्स, दुसऱ्यावर दुसरा आणि तिसरा. लिव्हरचं खालचं टोक ज्या खाचेत जातं, तो रॉड सरकतो. वर्षानुवर्षं घासून टोक बारीक होतं, खाच रुंद होते. मग टोक दोन खाचांच्या मध्येच अडकतं. कधी दोन गिअर एकदम पडतात आणि गिअरबॉक्स जाम होतो. सारोळ्याहून नीरा ओलांडून साताऱ्याकडे निघालेल्या माणसाला खंबाटकी घाटात हे झालं, तर काय होईल याचा विचार करा.

आता आपल्याकडची नेहमीची दुरुस्ती बघा. टोकावर वेल्डिंगचा गोळा चढवला, ग्राइंडर मारला, पाचशे रुपये घेतले. महिन्याने गिऱ्हाईक परत दारात. कारण झीज नेमकी कुठे आहे, हे कुणी बघितलंच नाही.

नीट काम असं असतं. झाकण उतरवायचं. टोक, खाचा, लिव्हरचा गोळा आणि त्याची बैठक, स्प्रिंग, सगळं साफ करून व्हर्नियरने मोजायचं. टोकच झिजलं असेल तर लिव्हर गाडीपासून लांब नेऊन थोडं-थोडं वेल्डिंग भरायचं. पाण्यात बुडवून थंड करायचं नाही, धातू ठिसूळ होऊ शकतो. मग कानशीने घासत खाचेत बसवायचं: अडकायला नको आणि खुळखुळायलाही नको. दोन्ही रॉड न्यूट्रलला आणून, नवीन गॅस्केट टाकून झाकण बसवायचं. शेवटी चढ-उतारावर ट्रायल. आणि चालता चालता गिअर आपोआप सुटत असेल, तर दोष बहुतेक दुसरीकडे असतो: गोळी-स्प्रिंग, दाते किंवा बेअरिंग. तिथे लिव्हर भरून उपयोग नाही. हे गिऱ्हाइकाला आधी सांगा, काम हातचं गेलं तरी.

आता हिशोब. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. महिन्याचं भाडं 8,000, मदतनीस 12,000, वीज आणि हत्यारं 4,000, तुमचा स्वतःचा पगार 24,000. एकूण 48,000. महिन्यात बिल लावता येईल असं काम 120 तासांचं धरा. म्हणजे तासाला 400 रुपये. हे काम उघडणं, मोजणं, भरणं, बसवणं, ट्रायल धरून 6 तासांचं: 2,400. सामान 300. झाले 2,700. यात नफा अजून नाहीच. 3,000 मागितले तर 300 सुटतात. पाचशे घेतले तर 2,200 तुम्ही स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला दिले. मुद्राचं शिशु कर्ज 50,000 पर्यंतचं असतं. अशा बावीस-तेवीस ‘किरकोळ’ कामांत तेवढी रक्कम निघून जाते आणि हप्ता मात्र चालूच राहतो.

‘एवढे कोण देणार?’ हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. रोज येणारा ड्रायव्हर देणार नाही. पण 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आहे आणि ती गाडी धंद्याला लावता येत नाही. म्हणजे मालक ती निव्वळ हौसेपोटी ठेवतो. मूळ लिव्हर टिकला तर त्याला आनंदच आहे. असा माणूस पुण्याहून सारोळ्यापर्यंत गाडी आणेल, पण तुमच्यावर विश्वास बसला तरच.

तो विश्वास कागदावर सुरू होतो. आधी फक्त उघडून तपासण्याचे पैसे ठरवा. मग झिजलेल्या भागाचा फोटो आणि मोजमाप दाखवून दुसरा अंदाज लिहून द्या. हमी लिव्हरच्या कामाची द्या, अख्ख्या गिअरबॉक्सची नको. आणि स्टिअरिंगचा किंवा ब्रेकचा झिजलेला पार्ट कुणी वेल्ड करायला आणला, तर सरळ नाही म्हणा. तिथे पार्ट बदलायचाच असतो.

अशा जीप महिन्याला दहा येणार नाहीत, या भ्रमात राहू नका. पण इथे लागलेली सवय, आधी मोजा, मग लिहून द्या, मग हात लावा, तीच उद्या ट्रॅक्टरच्या कामालाही पैसे मिळवून देईल.

या आठवड्यात एकच करा: तुमच्या एका तासाचा खर्च काढा आणि गल्ल्याशेजारी लिहून ठेवा. पुढच्या वेळी ‘थोडंसं वेल्डिंग आहे हो’ असं कुणी म्हणालं, की आधी त्या आकड्याकडे बघा.